धर्मग्रंथ विश्वसनीय आहे का? एका प्रश्नात दडलेले तीन प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रामाण्याचा विचार केला. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानलं खरं, पण अट घातली. सांगणारा आप्त हवा. म्हणजे त्याला विषय नीट माहीत हवा आणि जे माहीत आहे ते जसंच्या तसं सांगायची त्याची इच्छा हवी. आज ही अट आपण एका जिवंत धर्मपरंपरेला लावून पाहणार आहोत. ती परंपरा म्हणजे ख्रिस्ती धर्म.

विषय जाहीर झाल्यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी विचारलं, दुसऱ्यांच्या धर्मग्रंथाची चौकशी आपण कशाला करायची? काहींना उलट आनंद झाला. आता चर्चची चांगली झडती होणार, असं त्यांना वाटलं. दोन्ही मंडळींना आधीच सांगून ठेवतो. बायबलची जितकी कठोर तपासणी झाली तितकी जगातल्या फार थोड्या ग्रंथांची झाली असेल, आणि ती करणारे बहुतेक लोक श्रद्धावान ख्रिस्तीच होते. त्यामुळे आज आपण कोणाच्या घरात चोरून शिरत नाही. त्या घरातल्याच माणसांनी दिवा लावून जे पाहिलं, ते आपण पाहणार आहोत.

तर मूळ प्रश्न. 'बायबल विश्वसनीय आहे का?' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला पाठाचा : जे लिहिलं गेलं तेच आज आपल्या हातात आहे का? दुसरा अधिकाराचा : हीच पुस्तकं पवित्र आणि याच परंपरा खऱ्या, हे कोणी आणि कसं ठरवलं? तिसरा सत्याचा : मजकूर अस्सल असेल, पण त्यात सांगितलं आहे ते घडलं का? वादात आपली गल्लत होते ती इथे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिसऱ्याचंही मिळालं असं आपण धरून चालतो. आजचं सगळं व्याख्यान ही गल्लत सोडवण्यासाठी आहे.

पहिला प्रश्न : हातातला मजकूर मूळचाच आहे का?

नव्या करारातली पुस्तकं ग्रीक भाषेत, इसवी सनाच्या पहिल्या शतकात आणि काही थोडी त्यानंतर लिहिली गेली. लेखकांच्या हातची एकही प्रत आज नाही. आहेत त्या नकला, नकलांच्या नकला. सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. तो पपायरसचा, तळहाताएवढा आहे. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातल्या काही तुटक ओळी आहेत. तो साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानतात. संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत चौथ्या शतकातली. ती सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात होती. म्हणून तिला सिनायटिक प्रत म्हणतात. एकंदरीत ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांच्यात एकमेकांशी तंतोतंत जुळणाऱ्या दोन मोठ्या प्रती सापडणं कठीण.

आता एक प्रसंग नीट पाहू, कारण आजच्या विषयाचं सार त्यात आहे. ऑक्सफर्डच्या जॉन मिल या विद्वानाने तीस वर्षं खपून सुमारे शंभर हस्तलिखितं, जुनी भाषांतरं आणि चर्चच्या आरंभीच्या लेखकांतले उतारे ताडून पाहिले. १७०७ साली त्याने ग्रीक नवा करार छापला आणि पाठभेद तळटीपांत दिले. त्यांची संख्या सुमारे तीस हजार भरली. पुस्तक बाहेर आल्यावर दोनेक आठवड्यांत मिल वारला. गदारोळ त्याच्यामागे झाला.

डॅनिअल व्हिटबी नावाच्या धर्मपंडिताने १७१० साली मिलवर हल्ला चढवला. त्याचं म्हणणं असं, की इतके पाठभेद दाखवल्याने धर्मग्रंथाचा पाया डळमळतो. तीन वर्षांनी अँथनी कॉलिन्स हा मुक्तविचारवादी पुढे आला. तो म्हणाला, पाहा, तुमचेच पंडित सांगतात की पाया डळमळीत आहे. मग आम्ही या ग्रंथावर विश्वास का ठेवावा?

गंमत लक्षात येते का? एक धर्माचा कैवारी, दुसरा टीकाकार. पण दोघांचं गृहीतक एकच : ग्रंथ विश्वसनीय असेल तर त्यात पाठभेद असता कामा नये. एकाने ते गृहीतक धरून पाठभेद झाकायला सांगितलं, दुसऱ्याने तेच धरून ग्रंथ टाकून द्यायला सांगितलं. आजही टीव्हीवरच्या चर्चेत समोरासमोर बसलेले दोघे जण पुष्कळदा असे एकाच फांदीवर बसलेले असतात.

त्याच वर्षी, म्हणजे १७१३ मध्ये, केंब्रिजच्या रिचर्ड बेंटलीने टोपणनावाने उत्तर दिलं. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा. मिलने पाठभेद निर्माण केले नाहीत. ते आधीपासून होतेच, त्याने फक्त दाखवले. दुसरं असं, की ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली आहे त्यात पाठभेद मुळीच नसतात. म्हणून तो शुद्ध म्हणायचा का? उलट त्याच्या चुका पकडायला दुसरं साधनच नाही. प्रती वाढल्या की पाठभेद वाढणारच, पण ताडून पाहायची सोयही वाढते. मित्रहो, दहा साक्षीदारांच्या सांगण्यात फरक पडतो म्हणून आपण खटला सोडून देत नाही. त्या फरकांतूनच कोणी कोणाचं ऐकून सांगितलं आणि कोणी स्वतः पाहिलं, हे कळतं.

हे पाठभेद असतात कसे? बहुसंख्य क्षुल्लक. शुद्धलेखन, शब्दांचा क्रम, एखादं 'आणि' जास्त. पण काही वजनदार आहेत. तीन पाहू.

पहिला मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट. सिनायटिक प्रतीत आणि रोममधल्या व्हॅटिकन प्रतीत हे शुभवर्तमान अचानक थांबतं. स्त्रिया रिकामी कबर पाहतात, घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटला ही हकिकत सांगणाऱ्या पुढच्या बारा ओळी या दोन प्रतींत नाहीत. कोणता पाठ जुना? इथे अभ्यासक एक साधा प्रश्न विचारतात : कोणत्या पाठापासून दुसरा कसा निघाला, हे अधिक सहज सांगता येतं? सुंदर शेवट असताना तो कोणी कापून टाकेल, की अर्धवट वाटणाऱ्या शेवटाला कोणी भर घालेल? भर घालणं जास्त स्वाभाविक. म्हणून त्या ओळी मागाहूनच्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग. येशू जमावाला विचारतो की तुमच्यात निष्पाप कोण आहे, आणि दगड घेऊन आलेले एकेक करून निघून जातात. ख्रिस्ती नसलेल्यांनाही हा प्रसंग ठाऊक असतो. पण योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत तो नाही. काही हस्तलिखितांत तर तो लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसला आहे. जागा बदलत फिरणारा मजकूर म्हटला की संपादकाचे कान टवकारतात. आज अनेक आवृत्त्या तो कंसात किंवा टीप देऊन छापतात.

तिसरा योहानाच्या पहिल्या पत्रातला. पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे स्वर्गातले तीन साक्षी एकच आहेत, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. इरॅस्मसने १५१६ साली बाझेलला ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याला हे वाक्य ग्रीक हस्तलिखितांत सापडलं नाही, म्हणून त्याने ते घेतलं नाही. ओरड झाली. मग एक हस्तलिखित पुढे करण्यात आलं, ज्यात ते वाक्य होतं, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने ते घातलं. तिथून ते १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात गेलं. रोमच्या धर्मपीठाने १८९७ साली या वाक्याच्या अस्सलपणावर शंका घ्यायला मनाई केली आणि १९२७ साली अभ्यासकांना वेगळं मत धरायची मुभा दिली. आज बहुतेक नवी भाषांतरं ते वाक्य मूळ मजकुरात घेत नाहीत.

मग त्र्यैक्याचा सिद्धान्त कोसळला का? नाही. चौथ्या शतकात या सिद्धान्तावर कडाक्याचे वाद झाले तेव्हा ग्रीक आचार्यांनी हे वाक्य पुढे केलं नव्हतं, कारण ते त्यांच्यासमोर नव्हतंच. एक आधार गळून पडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरत नाही, एवढं तर्कशास्त्र आपण पाळायला हवं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. सिद्धान्त प्रिय आहे म्हणून खोट्या आधाराला हात लावू द्यायचा नाही, हे प्रामाणिकपणाचं लक्षण नाही.

दुसरा प्रश्न : कोणी ठरवलं?

इथे एक लोकप्रिय गैरसमज आधी दूर करू. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाची परिषद भरवली आणि तिथे मतं घेऊन बायबलमधली पुस्तकं ठरवली, असं पुष्कळांना वाटतं. कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी ते घट्ट केलं. नायसियाच्या परिषदेत पुस्तकांच्या यादीचा निर्णय झालेला नाही. तिथला मुख्य वाद पुत्र आणि पिता यांच्या नात्याचा होता. चर्चवर टीका करणाऱ्यानेही पुरावा तपासायचा असतो, बरं का. चर्चला गैरसोयीची म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही.

प्रत्यक्षात यादी हळूहळू, वापरातून आणि वादातून बनली. चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस हा इतिहासकार सर्वमान्य, वादग्रस्त आणि त्याज्य अशी वर्गवारी करतो. याकोबाचं आणि यहूदाचं पत्र, पेत्राचं दुसरं पत्र ही त्याच्या वादग्रस्त गटात आहेत. आजची सत्तावीस पुस्तकांची यादी जशीच्या तशी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. सिनायटिक प्रतीत मात्र आज बायबलात नसलेली दोन पुस्तकंही सुखाने बसलेली आहेत. आजसुद्धा कॅथलिकांचा जुना करार ४६ पुस्तकांचा, प्रोटेस्टंटांचा ३९ पुस्तकांचा.

आणि शंका घेणारे बाहेरचे नव्हते. तिसऱ्या शतकात ओरिजेन म्हणतो, इब्री लोकांस लिहिलेलं पत्र खरोखर कोणी लिहिलं ते देवच जाणे. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस भाषेची आणि शैलीची तुलना करून सांगतो की प्रकटीकरण आणि योहानाचं शुभवर्तमान एका हातचं दिसत नाही. ही सतराशे वर्षांपूर्वीची ग्रंथचिकित्सा आहे, आणि ती बिशपने केलेली आहे.

सामान्य भाविकाला मात्र सवयीचा शब्द प्रिय असतो. योना संदेष्ट्यावर सावली धरणारी एक वेल बायबलात आहे. जुन्या लॅटिन भाषांतरात ती भोपळ्याची होती. जेरोमने हिब्रू पाहून नवं भाषांतर केलं आणि तिथे आयव्हीची वेल आली. उत्तर आफ्रिकेत ओएआ गावी, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, बिशपने हे नवं भाषांतर वाचलं तेव्हा लोकांनी इतका गोंधळ घातला की बिशप एकटा पडायची वेळ आली. ऑगस्टिनने जेरोमला पत्रातून हे कळवलं आहे. भोपळ्यावरून दंगा! हसू येतं, पण उद्या आपल्या रोजच्या आरतीतला एखादा शब्द कोणी दुरुस्त केला तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

परंपरा प्रत्येक वेळी निरुपद्रवी असते असं नाही. दोन उदाहरणं देतो. पहिलं सत्तेचं. कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दान दिली, असं सांगणारं एक दानपत्र मध्ययुगात शतकानुशतकं पुढे केलं जाई. १४४० साली लोरेन्झो वाल्ला याने त्याची लॅटिन तपासली. कॉन्स्टंटाइनच्या काळात शोभणार नाहीत असे शब्द त्याने दाखवले. उदाहरणार्थ, रोमन अधिकाऱ्यांना 'सत्रप' म्हटलेलं! आपल्याकडे शिवकालीन म्हणून दाखवलेल्या सनदेत 'जिल्हाधिकारी' शब्द निघावा, तसं हे. दानपत्र बनावट ठरलं. वाल्ला त्या वेळी पोपशी भांडणाऱ्या नेपल्सच्या राजाच्या पदरी होता, हे खरं आहे. पण हेतू काहीही असो, पुरावा पुराव्याच्या जागी राहतो. पुढे हाच वाल्ला पोपच्या दरबारात नोकरीला लागला.

दुसरं उदाहरण एका स्त्रीचं. मग्दालाची मरीया. चारही शुभवर्तमानं तिला रिकाम्या कबरीपाशी दाखवतात. ती वेश्या होती असं एकही शुभवर्तमान म्हणत नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात तिला, बेथानीच्या मरीयेला आणि लूकमधल्या एका अनाम पापी स्त्रीला एकच ठरवलं. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानलं नाही. पश्चिमेत मात्र चित्रं, प्रवचनं, नाटकं यांतून ती पश्चात्तापी वेश्या म्हणून रुजली. कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या पंचांगाची फेररचना करताना ही सरमिसळ दूर केली. म्हणजे जवळजवळ चौदाशे वर्षं एका बाईच्या नावावर तिची नसलेली गोष्ट चढवलेली होती. परंपरेला प्रश्न विचारणं हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या चौदाशे वर्षांचा विचार करावा.

तिसरा प्रश्न : घडलं का?

समजा, पाठ अस्सल आहे, पुस्तकाची निवडही योग्य आहे. तरी सांगितलेलं सारं घडलं असं होत नाही. मत्तय सांगतो की येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला. बहुतेक इतिहासकारांच्या मते हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. लूक जन्माचा संबंध क्विरीनियसच्या शिरगणतीशी जोडतो, आणि ती इतिहासाला ठाऊक आहे ती इ.स. ६ मधली. मध्ये जवळजवळ दहा वर्षं. दोघांनी दिलेल्या वंशावळ्याही जुळत नाहीत. या ठिकाणी पाठभेदाची पळवाट नाही, कारण मजकूर तोच आहे. अडचण मजकुरातच आहे.

यावर श्रद्धावानाचं एक उत्तर असतं : हे लेखक इतिहास लिहीत नव्हते, अर्थ सांगत होते. ते उत्तर विचारात घेण्यासारखं आहे. पण ते स्वीकारलं तर त्याची किंमत मोजावी लागते. जन्मकथेला अर्थाची कथा म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तिचाच ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करायचा, असं दोन्हीकडून चालणार नाही.

अठराव्या शतकात लेसिंग या जर्मन विचारवंताने हा पेच १७७७ साली नेमका मांडला. त्याचा आशय असा : इतिहासातली सत्यं जास्तीत जास्त संभाव्य असतात. त्यांच्या आधारावर शाश्वत सत्य सिद्ध करता येत नाही. दोहोंच्या मध्ये एक खंदक आहे आणि मला तो ओलांडता येत नाही. पाठचिकित्सा या खंदकाच्या काठापर्यंत आपल्याला आणून सोडते. पलीकडे उडी घ्यायची की नाही, हे ती सांगत नाही. उडी घेणाऱ्याने 'मला पुराव्याने पलीकडे नेलं' असं म्हणू नये. न घेणाऱ्याने 'पलीकडे काही नाही हे पुराव्याने सिद्ध झालं' असंही म्हणू नये.

आपल्या भाषेतलं एक नाव

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. त्र्यैक्य कसं समजून घ्यायचं, चर्चचं ठरावीक मतपत्र मी का म्हणायचं, धर्मगुरूंच्या अधिकाराखाली मी का यायचं, यावर त्यांनी सिस्टर जेराल्डीन आणि मिस बील यांच्याशी पत्रांतून झुंज घेतली. त्या पत्रांचा सूर असा, की एका पुरोहितशाहीचं जोखड महत्प्रयासाने उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितशाहीचं मानेवर घेणार नाही. पुढे त्या श्रद्धेत अधिक खोल गेल्या, तेव्हाही स्वतः पाहायची सवय गेली नाही. बायबलचं मराठी भाषांतर करायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा काम पुरं होत आलं होतं, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात नांदू शकतात का, या प्रश्नाला केडगावात असं उत्तर आहे.

आणि आता आपली पाळी. मार्कच्या त्या बारा ओळी प्रक्षिप्त आहेत हे ऐकताना आपल्यापैकी अनेकांना काही वाटलं नसेल. पुण्यात भांडारकर संस्थेने हीच पद्धत महाभारताला लावली. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांच्या देखरेखीखाली हजाराहून अधिक हस्तलिखितांचा धांडोळा घेणारं ते काम १९६६ साली पुरं झालं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा त्या चिकित्सित आवृत्तीत मूळ मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रं पुरवली, हा भागही सभापर्वाच्या संपादकांनी मूळ पाठात धरला नाही. हे ऐकताना छातीत थोडं हललं? मग आज चर्चमध्ये बसलेल्या माणसाला काय वाटत असेल ते आपल्याला आता कळलं.

ज्या मापाने आपण दुसऱ्याचं धान्य मोजतो, त्याच मापाने आपलं मोजायची तयारी असेल, तरच आपण चिकित्सा करतो आहोत. नाहीतर ते नुसतं भांडण असतं. भांडणात सत्य हरतं, आणि आपल्याला वाटतं की आपण जिंकलो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारलं की बायबल विश्वसनीय आहे का, किंवा गीता, कुराण, त्रिपिटक विश्वसनीय आहे का, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. विचारा, यातला कोणता प्रश्न तुम्ही विचारता आहात? पाठाचा, अधिकाराचा की सत्याचा? पहिल्याला हस्तलिखितं उत्तर देतील. दुसऱ्याला इतिहास उत्तर देईल. तिसऱ्याच्या काही भागाला पुरावा उत्तर देईल आणि उरलेल्या भागापाशी प्रत्येकाला स्वतः उभं राहावं लागेल.

पुढच्या व्याख्यानात आपण ह्यूमचा चमत्कारांवरचा युक्तिवाद घेऊ. तोवर आपले प्रश्न जरूर पाठवा.